घरच्या वाफ्यातली वांगी

॥ श्री ॥

बरकतपुरा, हैदराबाद
मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५

चि. हणमंतरावास आक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल, असं लिहायचा रिवाज आहे, पण खुशाल काही नाही. दिवाळीत फोनवर आपण एकमेकांना नाही नाही ते बोललो, आणि तू मध्येच फोन ठेवलास. तेव्हापासून भांडायचं असेल तर कागदावर भांडायचं असं ठरलंय, म्हणून हे पत्र. उमाजीच्या टेम्पोतून येतंय. आधी चहा पी, मग वाच.

काल वंदनाने मला वसतिगृहात बोलावून घेतलं. जामबागेतल्या शाळेत मी एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, त्यातली ही माझी विद्यार्थिनी. आज शाळेमागच्या मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षक आहे. एकशे चाळीस मुली तिच्या मेसमध्ये जेवतात आणि गेल्या श्रावणापासून त्यांची भाजी तुझ्याकडून आणि गावातल्या अकरा घरांकडून येते. तिने दार लावलं आणि प्रयोगशाळेचा कागद माझ्यापुढे ठेवला. आपल्या क्रेटमधली वांगी तिने तपासायला दिली होती. त्यात कीटकनाशक निघालं. थोडंथोडकं नाही, चालतं त्याच्या सहापट.

श्रावणात याच प्रयोगशाळेने आपली वांगी स्वच्छ ठरवली होती. तो कागद मी देवासारखा जपून ठेवलाय. त्याच्या जोरावर मी वंदनाला सांगितलं होतं की हा माझा भाऊ आहे, डोळे मिटून घे. ती म्हणाली होती, बाई, तुमचा शब्द म्हणजेच रिपोर्ट. काल तिने मला या वाक्याची आठवण करून दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

मला संशय उमाजीचा आहे. वाटेत मलकपेठेच्या बाजारात तो टेम्पो थांबवतो, हे मला ठाऊक आहे. आपली चांगली वांगी तिथे उतरवायची आणि तिथली स्वस्त वांगी क्रेटमध्ये भरायची, हा धंदा काही नवा नाही. तसं असेल तर आजच्या आज त्याला हाकलून दे. वंदनाने महिनाअखेरपर्यंत कागद दाबून ठेवायचं कबूल केलंय, तेही केवळ माझ्या तोंडाकडे बघून. मुली रोज जेवताहेत, हे विसरू नकोस.

तुझी पल्लवी माझ्याकडे बरी आहे. फार्मसीची परीक्षा जवळ आलीय. कळावे. राग आहे, पण लोभही आहे; दोन्ही सांभाळून घे.

तुझी,
पद्मावतीआक्का

---

चिंचखेड, ता. नारायणखेड
गुरुवार, ६ फेब्रुवारी

ती. स्व. आक्कास हणमंताचा सा. न. वि. वि.

ज्याच्यावर तू चोरीचा आळ घेतलास, त्यानेच तुझं पत्र खिशातून काढून माझ्या हातात दिलं. वाचेपर्यंत तो समोर उभा होता. उत्तर असेल तर नेतो म्हणाला. मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. तो मलकपेठेत थांबतो ते त्याच्या मेहुण्याकडे चहा प्यायला. क्रेट आमचे, वांगी आमची आणि औषधही आमचंच.

आता कारण ऐक. अळी शेंड्यातून शिरते आणि फळात जाऊन बसते. वरून वांगं चकचकीत, आत सगळी घाण. ऑक्टोबरात तुमच्या मेसने आमचे तीन क्रेट परत पाठवले, आठवतंय ना? रविवारच्या बगारा बैंगनात एका मुलीच्या ताटात अळी निघाली म्हणून. तूच फोन केलास. मुली किंचाळल्या, दोघींनी ओकाऱ्या काढल्या, वंदनाबाईंना मान खाली घालावी लागली, यापुढे भोकाचं एकही वांगं नको. बरं, नको. त्या दिवसापासून आम्ही दर चौथ्या दिवशी फवारतो. टेम्पो मंगळवारी आणि शुक्रवारी सुटतो, तो औषधाचे दिवस मोजत थांबत नाही. सकाळी फवारलं आणि दुपारी तोडलं, असंही झालंय. अळी नाही ना निघत आता?

आणि श्रावणातल्या कागदाचं तुला सांगायलाच हवं, कारण आता लपवण्यासारखं काय उरलंय. तुझ्या ओळखीने तो प्रयोगशाळेचा माणूस गावात आला. फाटकी चप्पल, घामाघूम झालेला, पण बोलायला गोड. घरोघर जाऊन दोन-दोन किलो वांगी मागत होता. प्रत्येकाने त्याला ओसरीवर बसवलं, चहा दिला, आणि पाटी घेऊन विहिरीजवळच्या घरच्या वाफ्यात गेला. त्या वाफ्यावर आपण औषध मारत नाही. तिथलीच पाटी दर शुक्रवारी तुझ्या दारी येते. कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. पाहुणा दारात उभा राहून मागतोय, त्याला कुणी फवारलेलं देतं का? संध्याकाळी पारावर गोष्ट निघाली तेव्हा कळलं, बाराही जणांनी तेच केलं होतं. तेव्हा आम्ही खूप हसलो होतो.

हे तुझ्या पोटात ठेव. लोभ पहिल्यासारखाच राहू दे.

तुझा,
हणमंता

---

बरकतपुरा
शुक्रवार, ७ फेब्रुवारी

चि. हणमंतास आशीर्वाद.

आशीर्वाद लिहिलाय तो केवळ सवयीने.

तो पाहुणा नव्हता रे. तपासायला आलेला माणूस होता. माझ्या वर्गातल्या एखाद्या मुलीने दुसरीची वही स्वतःची म्हणून दाखवली असती तर मी तिला बाहेर उभं केलं असतं. तुम्ही बारा मोठी माणसं, नातवंडं असलेली, आणि पारावर बसून हसलात. त्या कागदावर मी माझं नाव लावलं. दर महिन्याला वंदनाच्या मेसमध्ये जाऊन मी मुलींना सांगत होते की पोरींनो, तुम्ही भाग्यवान, असं स्वच्छ खायला मिळतंय. त्या टाळ्या वाजवत होत्या.

आणि एक गोष्ट मला रात्रंदिवस जाळतेय. तुम्ही अज्ञानी होतात असं म्हणायचीही सोय नाही. मी गेल्या वर्षी गावात येऊन दोन तास बोलले, पत्रकं वाटली, फवारल्यावर सात दिवस तोडू नका, डबे विहिरीवर धुऊ नका. मला वाटलं होतं, माहीत नाही म्हणून करतात, माहीत झालं की थांबतील. पण तुम्हाला माझ्याआधी माहीत होतं. माहीत नसतं तर घरचा वाफा वेगळा कशाला ठेवला असता? तुमच्या पोरांनी काय खाऊ नये हे ठाऊक आहे, आणि तेच क्रेटात भरून लोकांच्या पोरींना पाठवता.

उमाजीला मी बसवून घेतलं, उपमा खाऊ घातला आणि माफी मागितली. त्याने मान हलवली आणि निम्मा उपमा तसाच ठेवून उठला. तेही तुझ्याच खात्यावर.

आजची तुझी पाटी त्याच्याच हाती परत पाठवतेय. वांगी, भेंडी, कोथिंबीर, सगळं आहे तसं. माझ्या घशाखाली ते उतरायचं नाही. तू स्वतः इथे ये आणि वंदनाला तोंडाने सांग. तुझ्या येण्याची मी वाट बघते. आला नाहीस तर मी सांगेन.

कळावे. लोभाचं पुढे बघू.

पद्मावती

---

चिंचखेड
सोमवार, १० फेब्रुवारी

ती. स्व. आक्कास सा. न. वि. वि.

पाटी परत आली. अख्ख्या गावाने बघितली. बहिणीने भावाच्या घरचं अन्न माघारी धाडलं, हे आपल्या सात पिढ्यांत झालं नव्हतं. उद्याच्या टेम्पोत पुन्हा पाठवतोय. फेकायचं तर तुझ्या हाताने फेक.

मीही आता स्पष्टच लिहितो. पंधरा वर्षं झाली, दर शुक्रवारी तुझ्याकडे वेगळी पाटी येते. बाकीचं सगळं क्रेटमध्ये, तुझं तेवढं पाटीत, वर कडुलिंबाचा पाला. तू रसायन शिकवलेली बाई. पंधरा वर्षांत एकदा तरी विचारलंस का, हणमंता, माझीच पाटी वेगळी का? नाही विचारलंस. छान आहे, चव वेगळीच आहे, असं म्हणून खाल्लंस, शेजाऱ्यांना वाटलंस. आणि आता आमच्यावर बोट दाखवतेस.

तुझी पत्रकं प्रत्येकाच्या घरी देवळीत जपून ठेवलीत. तू आलीस, दोन तास बोललीस, टाळ्या घेतल्यास आणि गेलीस. सात दिवस थांबलो तर अळीचं काय करायचं, टेम्पोचं काय करायचं, भोकाचं वांगं कोण घेणार, हे तू कुणाला विचारलं नाहीस. आम्हीही सांगितलं नाही, कारण सांगायला जागाच ठेवली नव्हतीस. तुझ्यासमोर आम्ही सगळे अजून सातवीच्या वर्गात असतो.

मी काही हैदराबादला येणार नाही, आणि तूही सांगू नयेस. सांगितलंस तर मेस आमचं घेणं बंद करेल आणि उद्यापासून बाजारातलं आणेल. तिथे तर कुणी कधी काही तपासतच नाही. म्हणजे मुलींचं पोट वाचणार नाही आणि आमची बारा घरं मात्र बदनाम होतील. पुढच्या हंगामात आम्ही आपसूक कमी करू. तोवर गप्प राहायला तुझं काय जातं?

धाकटा आहे म्हणून पाया पडतो, पण या बाबतीत ऐकणार नाही.

हणमंता

---

बरकतपुरा
शुक्रवार, १४ फेब्रुवारी

ती. अप्पांना पल्लवीचा साष्टांग नमस्कार.

माझं मराठी अक्षर वाईट आहे आणि स्पेलिंग तर त्याहून वाईट, म्हणून आधीच सॉरी. तुमची आणि आत्याची चारही पत्रं मी वाचली. आत्याने ती टेबलावर उघडी ठेवली होती. तिने लिहिलेल्या दोन्ही पत्रांच्या नकलाही त्यातच होत्या. तिला सवय आहे, शाळेसारखी फाइल करते. तिचं अक्षर वाचायला मला अर्धी रात्र लागली.

अप्पा, मला खूप राग आलाय, आणि तुम्हा दोघांचाही आलाय. आत्याला महिनाअखेरपर्यंत टाइम मिळालाय. ती तुमची वाट बघतेय, तुम्ही ती गप्प बसायची वाट बघताय. कोण खरं, कोण खोटं, कोणी पाटी परत पाठवली, कोणी इन्सल्ट केला. ठीक आहे, पण तुमचं एक पत्र इकडे यायचं आणि एक तिकडे जायचं, तेवढ्यात त्या मुली सात-आठ वेळा जेवतात. हा हिशोब तुमच्यापैकी एकाच्याही पत्रात नाही.

मी पण पाच वर्षं आत्याकडे राहून घरच्या वाफ्यातलंच खाल्लं. माझ्या कॉलेजच्या दोन मुली त्या वसतिगृहात राहतात, त्यांना मी चिडवायचे की तुम्हाला मेसचं, मला गावचं. आता त्यांच्यासमोर बसून मला डबा उघडता येत नाही.

म्हणून बुधवारपासून मी घरी जेवत नाही. वंदना मॅडमकडे पैसे भरून मेसचं कार्ड घेतलंय, सकाळ-संध्याकाळ तिथेच. तुमचे क्रेट रोज किचनमध्ये बघते, त्यावर तुमच्या हाताने लिहिलेलं एच असतं. आत्याने रडून सांगितलं, जाऊ नको. मी म्हटलं, तू मॅडमना सांग, मी लगेच बंद करते. ती अजून गेलेली नाही. तुम्ही पण फवारणी थांबवली असेल असं मला वाटत नाही. काल भरली वांगी होती. मी दोन खाल्ली.

कुणाला घाबरवायला हे करत नाहीये. मला फक्त दुसरं काही बरोबर वाटत नाही. अम्माला यातलं काही सांगू नका, तिचं बीपी वाढेल.

तुमचीच,
पल्लवी

---

चिंचखेड
सोमवार, १७ फेब्रुवारी

ती. स्व. आक्कास सा. न. वि. वि.

उद्या टेम्पोत क्रेट शोधू नकोस. त्यात फक्त हे पत्र आहे आणि उमाजी आहे. रिकामा कशाला नेऊ, असं त्याने दोनदा विचारलं. जा म्हणालो.

पल्लवीचं पत्र शुक्रवारी संध्याकाळी आलं. त्या वेळी मी पाठीवर पंप घेऊन तिसऱ्या सरीत होतो. हात औषधाचे होते म्हणून पत्र शिवराजने, माझ्या पुतण्याने, बांधावर उभं राहून वाचून दाखवलं. भरली वांगी म्हणेपर्यंत वाचलं त्याने, मग तो थांबला. मी पंप तिथेच ठेवला. अर्धा भरलेला अजून तिथेच आहे.

आक्का, पोरगी जिवाची आहे म्हणून मला आज कळलं, असं तू म्हणशील. म्हण. खरंच आहे. एकशे चाळीस मुली इतके दिवस जेवत होत्या, तेव्हा मला झोप लागत होती. एकशे एक्केचाळिसावी जेवायला बसली आणि झोप उडाली. मला माझीच इतकी चीड कधी आली नव्हती.

शनिवारी बाराही जणांना बोलावलं. खूप आरडाओरडा झाला. हिम्मतरावांनी मला तोंडावर विचारलं, तुझ्या लेकीसाठी आमचा माल झाडावर का सडवायचा? मी म्हटलं, तुमच्या घरच्या वाफ्यातली वांगी उद्या क्रेटमध्ये भरा, आणि क्रेटमधली तुमच्या नातवाला द्या, मग मी काही बोलत नाही. ते चप्पल घालून निघून गेले. त्यांच्या मागे आणखी चौघे गेले. ते आता नारायणखेडच्या बाजारात विकतील. आम्ही सात जण राहिलो.

सातांनी फवारणी थांबवलीय. आता आठ-दहा दिवस तोडणी नाही, वांगी जून होऊन पिवळी पडतील, ती गुरांपुढेही टाकणार नाही. किडके शेंडे रोज खुडून जाळायचे, असं तुझ्या पत्रकात तिसऱ्या ओळीत आहे. आजच पहिल्यांदा नीट वाचलं. सातही घरांनी घरच्या वाफ्याचं कुंपण काढून टाकलं. माझ्या बायकोने विचारलं, आता आक्काला काय पाठवायचं? मी म्हणालो, मेसला जाईल तेच.

वंदनाबाईंना काय सांगायचं ते सांग. मी आडवा येणार नाही. फक्त त्यांना एक विचार: पुढे भोकाचं वांगं आलं तर घेणार का? ते नाही म्हणाल्या तर आमचं सगळं फुकट आहे.

लोभ मागायचं तोंड नाही. असेल तर असू दे.

हणमंता

---

बरकतपुरा
मंगळवार, ११ मार्च

चि. हणमंतरावास अनेक आशीर्वाद.

तीन आठवडे लिहिलं नाही. पल्लवी फोनवर तुला सगळं सांगत होती, आणि मला लिहायची लाज वाटत होती. रिकामा टेम्पो दारात आला त्याच दिवशी मी वंदनाकडे गेले. खरं तर चार तारखेलाच जाऊन तिला आपली भाजी घेणं थांबव म्हणायला हवं होतं. निदान सात तारखेला, तुझं पत्र वाचलं तेव्हा तरी. तुला यायला लावायचं, तू सांगायचंस, म्हणजे माझा शब्द खोटा ठरला नाही, तुझा ठरला, असं माझ्या मनात होतं. पोरीने ते ओळखलं.

श्रावणातला नमुना कुठल्या वाफ्यातला, हे मी वंदनाला सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती उठली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, बाई, मला तुमचा राग नाही आला, मला भीती वाटली, कारण तुमच्या नावावर मी तपासणी सहा महिने पुढे ढकलली होती. हे ऐकण्यापेक्षा तिने मला चार शब्द सुनावले असते तर सोसलं असतं. मेसने त्याच दिवशी आपलं घेणं बंद केलं. नवीन नमुन्यासाठी तोच फाटक्या चपलेचा माणूस तुमच्याकडे आला. चहा सातही घरी प्यायला, पण सरी त्याने स्वतः निवडली आणि पाटी स्वतः भरली, असं पल्लवीकडून कळलं. काल त्याचा कागद आला. मर्यादेच्या आत आहे. स्वच्छ नाही, आत आहे. मला तेवढं खरं वाटलं, म्हणून बरं वाटलं.

तुझा प्रश्न मी तिला विचारला. ती म्हणाली, घेऊ, पण ताटात अळी दिसली तर मुली पुन्हा किंचाळणार, आणि संस्थेचे लोक मला पुन्हा जाब विचारणार. तेव्हा कुणीतरी प्रत्येक वांगं उघडून बघावं लागेल, आणि माझ्याकडे तेवढी माणसं नाहीत. मी म्हटलं, ज्याने शब्द दिला ते माणूस बसेल.

आज तुमचे पहिले क्रेट आले. नऊ वाजता मी मेसच्या स्वयंपाकघरात पाटावर बसले. स्वयंपाकीण आधी हात लावायला तयार नव्हती, कीडे का नक्को अम्मा म्हणून लांब सरकली. मी एकेक वांगं घेतलं, देठ ठेवून चार चिरा दिल्या, चष्मा लावून आत बघितलं. मुलीला दोन याप्रमाणे दोनशे ऐंशी वांगी लागतात. ती भरेपर्यंत मी चारशेवर उघडली. किडकी निघाली ती बादलीत टाकली, आणि प्रत्येक वेळी तुला शिव्या दिल्या, मोठ्याने, मराठीत. साडेअकरापर्यंत स्वयंपाकीणही शेजारी येऊन बसली. तिच्या शिव्या माझ्यापेक्षा चांगल्या आहेत. माझी मनगटं सुजलीत, वय एकसष्ट आहे, आणि उद्या पुन्हा जायचंय. मंगळवार-शुक्रवार नाही, रोज. हिम्मतरावांना हे वाचून दाखव, आणि म्हणावं, आक्का विचारते, तुमच्या नातवाने आज काय खाल्लं?

माझ्यावरचा तुझा राग तू विसरू नयेस. माझा तुझ्यावरचा अजून गेलेला नाही, जाईल तेव्हा कळवीन. शेंडे खुडायचं थांबवू नकोस.

दुपारी एकच्या घंटेला मुली आल्या. पल्लवी तिच्या दोन मैत्रिणींमध्ये बसली होती. तिने मला हाक मारली, मी तिच्या समोर बसले, आणि आम्ही सगळ्यांनी तीच वांगी खाल्ली.

तुझी,
आक्का